उत्तरेश्वरचा दुसरा मोर

नळदुर्गाजवळच्या पारधी वस्तीवर उत्तरेश्वरचा बाप फासे लावून तितर धरायचा. पोरगं ते बघायचं आणि बाभळीच्या फांदीतून तसंच तितर कोरून काढायचं. दारं-चौकटी करणाऱ्या बशीर मिस्त्रींनी ते बघितलं आणि त्याला हाताखाली घेतलं. नऊ वर्षं शिकवलं. पहिला धडा एकच: पटाशी लावायच्या आधी लाकडावर ठोकून ऐकायचं.

“लकडी बोलती रे. भरीव हाय का पोकळ, तिलाच इचार.”

मिस्त्री गेले. उत्तरेश्वर एका कारखान्यात लागला. तिथं नक्षीचं मशीन आलं. बारा वर्षं त्या घरघरीशेजारी घासकाम करता करता त्याचे कान गेले; जवळून ओरडलं तरच थोडं ऐकू यायचं. बायको तुळजाबाई सोडली तर त्यानं कुणाला कळू दिलं नाही.

अशात गावानं दसऱ्यासाठी देवीची नवी पालखी करायला घेतली. देवळातली जुनी सागवानी तुळई निघाली होती. तिच्यातूनच दोन मोर काढायचे. पारध्याला देवळाच्या पायरीवर टेकू न देणाऱ्या गावचे कारभारी बलभीमअण्णा वस्तीवर आले.

“जमंल का रं? का मशीनकडं जाऊ?”

त्यानं ओठांवरून ओळखलं. “मशीननं मोर बघितलाय व्हय कधी, अण्णा?”

अण्णा हसले. काम मिळालं.

मग रोज तेच. तो ठोकायचा, तुळजाबाई लाकडाला कान लावायची. भरीव वाजलं तर पंजा उघडा, पोकळ वाजलं तर मूठ. पहिला मोर असा निघाला की वस्तीवरची कुत्री त्याच्यावर भुंकली.

दसरा आठवड्यावर आला. दुसऱ्या मोराच्या मानेपाशी त्यानं ठोकलं. आवाज ढब्ब, पोकळ आला.

“कसं वाजलं?”

तिनं त्याच्याकडं बघितलं. या कामावर तो गुणगुणायला लागला होता. इतक्या वर्षांत हा माणूस कामावर बसून गुणगुणताना तिनं बघितला नव्हता. लाकूड एवढंच होतं, दुसरं आणून हातानं कोरायला दिवस उरले नव्हते. पोकळ म्हटलं की काम मशीनकडं. आणि वरवरचंच पोकळ असलं तर?

तिनं पंजा उघडला.

तिसऱ्या घावाला तुळई उभी चिरली. आत भुंग्यानं पोखरून नुसता भुसा.

तासाभरात वस्तीवर माणसं जमली. पोरंसोरं, बाया, म्होरं अण्णा.

“देवीचं लाकूड घालवलंस! पारध्याच्या हातात दिलं, आमचंच चुकलं. आता मशीनच बघावं लागंल.”

“अण्णा काय म्हणले?” उत्तरेश्वरनं बायकोला विचारलं.

तिनं मान खाली घातली. ओठ दिसेनात.

“पोकळ हाय ते मला कळलं व्हतं. म्या खोटं सांगितलं. तुमचं काम जाईल म्हणून.”

“आं? मोठ्यानं बोल.”

“बहिरा हाय व्हय ह्यो?” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

“तुळजे, मोठ्यानं!”

मग तिनं डोक्यावरचा पदर गच्च धरला आणि सगळ्या गावादेखत तेच ओरडून सांगितलं.