एका सुरातला ‘हो’

धाकट्या सुमीला आणायला मी आईबरोबर तिच्या शाळेत गेले. मीही तिथेच, त्याच वर्गात शिकलेली. खिडकीतून वर्ग दिसत होता. “समजलं का?” बाईंनी फळा पुसता पुसताच विचारलं. “होऽऽ!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला. सुमीही.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, “काय समजलं गं?”

“काय माहीत! सगळे हो म्हणाले.”

आई तडक बाईंकडे गेली. “पोरीला काही कळलं नाही.”

“मग हात वर करायचा ना तिने!”

“केला होता की मागे. ‘तुलाच कसं समजत नाही?’ म्हणालात. सगळी पोरं हसली.”

रागाने माझे कान तापले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. तिथे सरांनी विचारलं, की काही न कळता माझ्याही तोंडून तोच ‘हो’ निघतो. तो याच वर्गाने शिकवला. तेवढा एकच धडा पक्का करून घेतला.