चूक एकदाच कापणाऱ्या बाई

दहा एप्रिल. नववीचे गणिताचे पेपर तपासायला घेतले होते. चाळीस झाले, बावीस राहिले. अशा वेळी बाई आठवतातच.

नळदुर्गच्या आमच्या शाळेत त्या माझ्या आधीपासून गणित शिकवायच्या. पेपर काढला की छापायला देण्याआधी तो डाव्या हातानं सोडवायच्या. स्टाफरूम हसायची. "हसा की. पोरं हळू लिहितात. माझ्या उजव्या हातावर वेळ ठरवला तर निम्मी बोंबलत बसतील."

तपासणं त्याहून किचकट. मुलानं दुसऱ्या ओळीत वजाबाकी चुकवली, तर त्याचाच चुकीचा आकडा घेऊन बाई पुढचं गणित स्वतः करून बघायच्या. रीत बरोबर असली की पुढचे मार्क द्यायच्या. एका गठ्ठ्याला आठवडा जायचा. "चूक एकदाच कापायची गं. एका चुकीला चारदा मारायचं व्हय लेकराला?"

दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्ची मुलं नववीतच अडकवायची, हे शाळेत कुणी लपवत नसे. माझ्या दुसऱ्या वर्षी हेडसरांनी पाच नावं दिली. बाईंच्या तपासणीत पाचही काठावर पास. मग फेरतपासणी निघाली आणि ते पेपर माझ्याकडं आले. मी अजून कायम झाले नव्हते. उत्तर चुकलं की शून्य, असे तासाभरात तपासून दिले. पाचही नापास. त्यातली एक मुलगी जूनमध्ये आलीच नाही. सास्तूरला तिचं लग्न लावून दिलं होतं.

बाई भांडल्या नाहीत. मला 'अगं' म्हणायचं सोडून 'मॅडम' म्हणू लागल्या. निवृत्त झाल्या त्या दिवशी मी पाया पडले, तर म्हणाल्या, "मॅडम, सास्तूरच्या पोरीला दुसरं बाळ झालंय. भूमितीत लई हुशार होती हो."

मी तिला भेटायला गेले नाही. गेल्या पावसाळ्यात बाई तुळजापुरात वारल्या, तेव्हाही गेले नाही. रजा शिल्लक होती.

यंदाच्या हेडसरांनीही यादी दिली होती. चार नावं. ते चार पेपर मी बाईंच्या रीतीनं तपासले. तिघं पास झाली. चौथ्याला काही केल्या जमलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्क हेडसरांच्या टेबलावर ठेवले. "मॅडम, फेरतपासणी लावावी लागंल. नवीन सरांकडं देतो."

"द्या," म्हटलं. तिथून स्टाफरूममध्ये गेले आणि त्या वर्षी तासाभरात मी काय केलं, ते नवीन सरांना सगळं सांगितलं. ते खाली मान घालून ऐकत होते. तेही अजून कायम झालेले नाहीत.