नावं ठेवणारे मोघेकाका

बस स्टोनहेंजजवळ आली की मोघेकाका माइक हातात घेत आणि बजावत, "हे बघा, दगड आहेत. काही उभे आहेत, काही आडवे झालेत. यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नका." ब्रिटन दाखवण्याचा पगार घेऊन ब्रिटनलाच नावं ठेवणारा असा गाइड मी दुसरा पाहिलेला नाही.

लंडनमध्ये एजवेअरला आमच्या टूर कंपनीचं छोटं ऑफिस आहे. मी नागपूरहून वर्क व्हिसावर तिथे बुकिंग बघायला आणि ग्रुपबरोबर मदतीला फिरायला आले, तेव्हा काका तिथे मुरलेले होते. मूळचे पुण्याचे, राहायला जवळच स्टॅनमोरला, एकटे. आमच्याकडे पाहुण्याला पोट फुटेस्तोवर आग्रह करतात. त्याच्यापुढे आपल्याच पदार्थांना नावं ठेवायची ही पुणेरी रीत मला नवीन होती.

त्यांच्या लेखी विंडसरचा किल्ला म्हणजे राहतं घर, क्रीम टी म्हणजे चहाबरोबर कोरडा पाव, आणि इथला उन्हाळा 'असतो म्हणतात'. गंमत अशी, की ते असं बोलू लागले की ठाण्या-नाशिकची माणसं इंग्लंडची वकिली सुरू करत. अहो, पण किती छान राखलंय सगळं, असं उलट काकांनाच समजावत. काका मान हलवून खिडकीबाहेर बघत.

मग आमची गिऱ्हाइकं आटायला लागली. युरोपातले बरेचसे देश एका व्हिसात होतात. ब्रिटनचा वेगळा काढावा लागतो, आणि तो महाग. शिवाय खरेदीवरचा टॅक्सही आता पूर्वीसारखा परत मिळत नाही. मंडळी स्वित्झर्लंडच्या बर्फात खेळून परस्पर घरी जाऊ लागली. शेवटी मुंबईच्या हेड ऑफिसमधून ऋचा नावाची मॅनेजर एका ग्रुपबरोबर आली. ब्रिटनची टूर ठेवायची की बंद करायची, हे ती ठरवणार होती. टूर बंद म्हणजे ऑफिस बंद, आणि माझा व्हिसा त्याच ऑफिसच्या स्पॉन्सरशिपवर. या खेपेला तेवढं चांगलं बोला, म्हणून मी काकांच्या विनवण्या केल्या.

"कौतुक करायला मी काय मुलगी दाखवायला आणलीय?" ते म्हणाले. पण माझा चेहरा बघून कबूल झाले.

आणि त्यांनी कौतुक केलं. स्टोनहेंज येईपर्यंत वाटभर केलं, विशेषणं शोधून शोधून. एवढं ऐकल्यावर माणसं दगडांपाशी गेली, फोटो काढून परत आली, आणि एक आजोबा म्हणाले, "एवढंच?" ऋचाने फोनमध्ये काहीतरी टिपून घेतलं.

दोन दिवसांनी विंडरमीरला पोचलो तर पाऊस. काकांनी माइक घेतला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. तळं आहे, म्हणाले, त्यात पाणी आहे, वरूनही पाणीच येतंय. डोंगर म्हणाल तर सिंहगडापुढे टेकड्या. बसमध्ये बसून राहिलात तरी काही चुकणार नाही. सगळे हट्टाने उतरले. ते आजोबा छत्री धरून काठावर कितीतरी वेळ उभे होते. परत आल्यावर काकांवरच रागावले, की इथे राहून तुम्हाला या जागेची किंमत नाही.

हे सगळं बघत असलेल्या ऋचाने काकांना बाजूला घेतलं. मी शेजारीच होते.

"काका, ऑनेस्टली सांगा. ही टूर ठेवावी का?"

काकांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मला परत जायला कुणी अडवलं नव्हतं. दर हिवाळ्यात मी पुण्याचं वन-वे तिकीट बघायचो. मग एप्रिल यायचा, इथली झाडं फुलायची, आणि ते राहून जायचं."

ऋचाने फोन काढून स्टोनहेंजची नोंद खोडली. टूर राहिली, मीही राहिले.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. शेवटच्या आजारातही भेटायला गेलं की आधी हॉस्पिटलच्या सूपला नावं ठेवून घ्यायचे, मग माझी विचारपूस. मला त्यांची फार आठवण येते.

आता माइक माझ्याकडे असतो. परवा यॉर्कला मी त्यांच्यासारखंच बोलून पाहिलं. लोकांना माझं खरं वाटलं, आणि निम्मे जण बसमधून उतरलेच नाहीत.