बिनपगारी बाई

माझे वडील जकात नाक्यावर कारकून होते. गवताच्या गाडीत सळई खुपसून आत काय दडवलंय ते पाहण्यात त्यांची उमर गेली. तो गुण माझ्यात जसाच्या तसा उतरला आहे. कोणी माझ्याशी उगीच गोड बोललं की माझं पहिलं लक्ष त्याच्या हातांकडे जातं.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी नागपुरात महानगरपालिकेच्या आरोग्य खात्यात नोकरीला होते. देवी टोचणारे पुरुष, त्यांना बायका घरात घेत नसत. म्हणून आधी घरोघर जाऊन आयांची समजूत काढायला खात्याने स्वयंसेविका गोळा केल्या आणि त्यांच्यावर देखरेखीला मला बसवलं. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की या मुली आपल्या नोकर नाहीत, उद्या कोणाला काही झालं तर खातं जबाबदार नाही. मग जबाबदार कोण, असं मी विचारलं. ते फक्त हसले. तेव्हा मी समजले.

मी माझे नियम केले. घरात नुसते पुरुष असतील तर उंबरा ओलांडायचा नाही. कोणाकडून काही घ्यायचं नाही. दिवेलागणीच्या आत माझ्यासमोर येऊन उभं राहायचं. मुली मला पाठीमागे जेलर म्हणत. म्हणोत बापड्या. एकीच्या अंगावर शेणाचं पाणी फेकलं गेलं, तेव्हा त्या घरापुढे जाऊन तोंड वाजवणारी मीच होते.

आमच्या वाट्याला विणकरांची वस्ती होती. दिवसभर मागांची खटखट, त्यात बोललेलं ऐकू येत नसे. लोकांचा पक्का समज झाला होता, की या बाया मुलांच्या निमित्ताने घरात किती माग चालतात ते पाहून जातात आणि मागून कर बसणार आहे. दारं धाडधाड लागत. माझ्या मुली तोंडं पाडून परत येत. मलाही वाटायचं, या लोकांच्या घरात लपवण्यासारखं काहीतरी असलंच पाहिजे, त्याशिवाय का इतकं भितात?

एकच गल्ली निराळी होती. तिथली पोरं आपणहून दंड पुढे करत. त्या गल्लीतली स्वयंसेविका विशी-बाविशीची, नरखेडकडची लेक, इथं शहरात दिलेली. सातवी पास होती. नवरा कन्हानकडे खाणीत, आठवड्याने घरी यायचा. सासरा संत्र्याच्या अडतीवर कामाला. सरकारी कामात सून फिरते, आज ना उद्या कुठेतरी चिकटेल, या आशेवर त्याने तिला बाहेर पडू दिलं होतं. सासूची मात्र रोज कटकट चाले.

बाकी सगळ्या हात हलवत येतात आणि हिच्याच पदरात एवढं यश कसं पडतं? माझ्या डोक्यात किडा वळवळू लागला. ही काही वाटते की काय? की काही घेते? मी विचारलं तर म्हणे, काही नाही बाई, बोलली तर ऐकतात. हे उत्तर मला मुळीच पटलं नाही.

एके दिवशी दुपारी मी तिच्या मागे गेले. ती एका ओट्यावर बसली होती. समोर एक म्हातारी रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. मी शेजारच्या भिंतीआड उभी राहिले. म्हातारीने हात न थांबवता विचारलं, "काहून फिरून राहिली वं पोरी उन्हातानात? तुले काय भेटते?"

"पगार हाय ना आजी. चाळीस रुपये."

"मंग ठीक हाय," म्हातारी म्हणाली आणि नातवाला हाक मारली.

म्हातारीने पुढे आपल्या सुनेला जे समजावलं तेही मी ऐकलं. जो पगारासाठी येतो त्याच्या पोटातलं आपल्याला कळतं. फुकट येणाऱ्याच्या मनात काय आहे, ते कसं कळायचं? जन्मभर मी याच हिशेबाने माणसं ओळखत आले होते, आणि माझ्याच मुलींना मात्र दारोदार सांगायला लावलं होतं, की आम्ही एक पैसा घेत नाही.

परतताना मी तिला खूप बोलले. खोटं बोलतेस, उद्या कोणी चौकशी केली तर? ती पदरात तोंड लपवून हसत होती. मी तिला बंद कर असं मात्र म्हटलं नाही. लवकरच सगळ्याच मुलींना पगार सुरू झाला, कोणी तीस सांगे, कोणी पन्नास. वस्तीतली दारं उघडली. पोरांच्या दंडांवर खपल्या दिसू लागल्या. साहेबांनी माझं कौतुक केलं, आणि मी नेहमीप्रमाणे त्यांच्या हातांकडे पाहिलं.

मग त्या वस्तीतला कोणीतरी अडतीवर संत्री घ्यायला गेला आणि सासऱ्याला म्हणाला, नशीबवान आहात, चाळीस रुपयांची सून आहे.

घरी तिची पेटी उपसली गेली. माहेरचं काही सापडलं, पैसा सापडला नाही. दुसऱ्या दिवशी सासरा तिला घेऊन माझ्यापुढे येऊन उभा राहिला. ती डोक्यावरून पदर घेऊन दाराशी थांबली. डोळे सुजलेले होते.

सासरा शांतपणे बोलत होता. चार महिन्यांचा पैसा कुठे आहे तेवढंच विचारायला आलो, म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं. पगार नाही, कधीच नव्हता, दारं उघडावीत म्हणून तसं म्हणत होती. त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तशी नजर मी हजारदा लोकांवर टाकली असेल, माझ्यावर पहिल्यांदाच पडली. "मंग तुमीच खाल्ला काय?" त्याने विचारलं. माझं डोकं फिरलं. मी आमच्या हेडक्लार्कना, बडे बाबूंना बोलावलं. त्यांनीही तेच सांगितलं, तर म्हणाला, तुम्ही सगळे एकाच ताटातले.

पैसा नव्हता हे त्याला पटत नव्हतं, आणि पटलं असतं तर तिचं येणं बंद झालं असतं. हे मला स्वच्छ दिसत होतं. फुकट फिरणाऱ्या सुनेला कोण घराबाहेर पडू देईल? म्हणून मी पटकन म्हटलं, पुढच्या महिन्यापासून हिला पंधरा रुपये मिळतील, मी तशी व्यवस्था करते. व्यवस्था म्हणजे माझ्याच पगारातून. हे मी बोलले नाही.

सासऱ्याचा चेहरा सैल पडला. पंधरा बी चालते, म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात ती दाराशी उभी होती तिथूनच बोलली. "नाही बाई. पगार नका लावू."

मी डोळ्यांनी तिला गप्प करू पाहिलं. ती माझ्याकडे पाहतच नव्हती.

"पगार लागला का ते काम बी घरचंच झालं. दळण, पाणी, अन् हे. आता तेवढं एक माह्यं हाय."

सासऱ्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मला हात जोडले. खरोखर जोडले. म्हणाला, चुकलं माझं बाई, हातचे पंधरा नको म्हणते म्हणजे पैसा नव्हताच, आता समजलं. त्याचा संशय पार फिटला होता. "उद्यापासून सून येनार नाही," असं सांगून तो निघाला. ती त्याच्या मागोमाग गेली.

मला त्याचा राग आला, आणि त्याहून तिचा. एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं? तो राग उतरायला फार दिवस लागले.

तिच्या गल्लीत पाठवायला कोणी नव्हतं, म्हणून मीच गेले. ओट्यावर तीच म्हातारी कांड्या भरत होती. आमची पोरगी कुठं गेली, तिने विचारलं.

"बदली झाली तिची," मी म्हटलं.

म्हातारीने रहाट थांबवला. "वाढून भेटला असंन पगार?"

मी हो म्हटलं. ती खूश झाली आणि तिने धाकट्या नातवाला आतून आणून माझ्यापुढे उभं केलं.