तिसऱ्या हाकेला ओ

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या आमच्या गावात घरटी खव्याची भट्टी आहे म्हटलं तरी चालेल. तेव्हा आमचाच खवा घ्या असं लोकांना काय म्हणून सांगायचं, हा मला पहिल्यापासून पडलेला प्रश्न. आधी मी कढईचे, उकळत्या दुधाचे, गोळ्यांचे व्हिडिओ टाकले. बघणारे आमचेच पाहुणे, तेही मन राखायला कमेंटमध्ये एक लाल बदाम टाकून मोकळे. धाराशिवला मोबाइलचं दुकान चालवणारा माझा भाऊ म्हणाला, तुझ्या खव्याशी कोण बोलणार? माणूस दाखव. रोज एकाच वेळेला लाइव्ह ये, कमेंट वाच, लोकांना बोलतं कर.

माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. संध्याकाळच्या दुधाची कढई त्याच ढवळतात, उलथणं दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत. नवरा दूध गोळा करायला बाहेर, भट्टीवर आम्ही दोघीच. फोन खांबाला बांधला आणि दिवेलागणीला लाइव्ह सुरू केलं. कुणीतरी लिहिलं, आजी, इकडं बघा. मी वाचून दाखवलं. आत्यांनी मानही वर केली नाही. पुन्हा कुणी लिहिलं, मी पुन्हा वाचलं. तिसऱ्या वेळेला त्या म्हणाल्या, "ओ."

आमच्याकडची जुनी माणसं दिवेलागणीनंतर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारतो. जे माणूस नाही ते एकदाच मारतं, आणि ओ दिली की घेऊन जातं. मी हे हसत हसत लोकांना सांगितलं आणि आमचं नशीबच फिरलं. पुण्याहून, लातूरहून, पार आखातातून माणसं तीन-तीनदा 'आजी' लिहायला लागली. तिसरी हाक कुणाची यावरून त्यांची आपसात भांडणं. ज्याला ओ मिळाली तो घरच्या कार्याला खवा आमच्याकडूनच मागवायचा. असलं गिऱ्हाईक जाहिरात करून मिळत नाही, असं भाऊ म्हणाला आणि मीही फुशारले.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची एक संध्याकाळ. लाइव्ह नुकतंच सुरू झालं होतं, एकही कमेंट आली नव्हती. आत्यांचा हात थांबला. गोठ्यामागच्या अंधाराकडं बघून त्या अगदी हळू म्हणाल्या, "ओ."

मी विचारलं, कुणाला? त्या पुन्हा ढवळायला लागल्या. मला वाटलं, वय झालंय. पण फोनवर कमेंटची झुंबड उडाली. हाक कुणी मारली, असं लोक विचारत होते. एकीनं लिहिलं, बाप्याचा आवाज होता. एकानं लिहिलं, आधी खोकला आणि मग हाक. मी तीन हातांवर उभी होते आणि मला काहीही ऐकू आलं नव्हतं. नंतर तो व्हिडिओ कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकला. त्यात दूध रटरटत होतं, बाकी काही नाही.

त्या दिवसापासून बघणारे वाढले, पण बोलेनासे झाले. स्क्रीनवर माणसांचा आकडा चढत जायचा आणि शब्द एक नाही. एवढी माणसं आपापल्या घरात गप्प बसून आमच्या गोठ्यामागं कान लावतायत, हे मला सोसेना. आणि इकडं आत्या भट्टीवर बसायच्या आधी केस विंचरायला लागल्या, धुतलेलं लुगडं नेसायला लागल्या. धुरात बसायला धुतलेलं लुगडं! मला भीती वाटायला लागली, खरंच वाटायला लागली. धंदा गेला खड्ड्यात, लाइव्ह बंद करते, असं मी त्यांना सांगून टाकलं.

त्यांनी उलथणं खाली ठेवलं. कढई चुलाणावर असताना त्यांनी ते खाली ठेवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बंद नको करू," त्या म्हणाल्या. "हे चालू असतानाच हाक आली. जायच्या येळेला ह्यांनी मला एकदाच हाक मारली हुती. हितंच, भट्टीपासनं. मी घरात दिवा लावत हुते. म्हनलं, अजून दोनदा मारतील, मग जावं. परत हाक आलीच न्हाय."

सासरे भट्टीपाशीच गेले, एवढं मला माहीत होतं. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. हाकेचं मात्र घरात कुणी कधी बोललं नव्हतं. मग लाइव्ह कुठल्या तोंडानं बंद करणार?

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ऑर्डरींचा रगाडा होता. संध्याकाळी मी फोन खांबाला लावून वळते तोवर आत्या कढईवरून उठल्या होत्या. "ओ, आले," म्हणाल्या आणि गोठ्यामागं चालायला लागल्या. तिकडं आमची विहीर आहे, तिला कठडा नाही. मी हाक मारली, "आत्या." त्या थांबल्या नाहीत. मी धावत दुसऱ्यांदा मारली, त्यांचं पाऊल जरा मंदावलं. तिसऱ्यांदा हाक मारताना माझा आवाज चिरकला. विहिरीच्या अलीकडं त्या थांबल्या आणि मागं वळल्या.

मी त्यांचा दंड घट्ट धरला. मागं कढईत दूध करपल्याचा वास सुटला होता, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. अंधारात त्या माझ्याकडं बघत राहिल्या, समोर मीच आहे हे पटायला त्यांना वेळ लागत होता. मग त्यांचा चेहरा पडला.

"इतक्यांदा कशाला हाक मारलीस गं?" त्या म्हणाल्या.