व्हर्लाच्या गॅरेजमधल्या पुंगळ्या

व्हर्ला हाउगेन शाळेची बस चालवायची. मोंटानातल्या त्या गावात तिच्या बसमध्ये न बसलेला माणूस शोधून सापडला नसता. लग्न करायचं मात्र राहूनच गेलं. "वेळच मिळाला नाही बाई," असं म्हणून ती खो खो हसायची.

शनिवार तिचा स्वतःचा. शिकारीची काडतुसं ती गॅरेजमध्ये घरच्या घरी भरायची. गावात पुष्कळ जण भरत. त्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे पुंगळ्या कापणं. गोळी उडाली की पितळेची रिकामी पुंगळी मानेकडून किंचित लांबते. पुन्हा भरायची तर वाढलेली कड कापून मापात आणावी लागते, नाहीतर बंदुकीत नीट बसत नाही. लोक या कामाला नाकं मुरडत. व्हर्लाला नेमकं तेच आवडे. जुन्या शिलाई मशीनची मोटर जोडून तिने यंत्र बनवलं होतं. पुंगळी लावली की घर्रर्र आवाज होई आणि सोनेरी कीस भुरभुरत खाली पडे. मग काठ आतून-बाहेरून गुळगुळीत करायचा. शिकारी डबेच्या डबे आणून टाकत, आणि जाताना हरणाचं सॉसेज नाहीतर घरचा मुरंबा ठेवून जात.

त्या हिवाळ्यात ऑरिन ट्वेट येऊ लागला. घोड्यांना नाल ठोकणारा, बायको वारून बरीच वर्षं झालेला, शब्दांचा महाकंजूष. दर शनिवारी कॉफीच्या डब्यात पुंगळ्या घेऊन यायचा आणि स्टुलावर बसून राहायचा. बोलायची ती एकटीच. बस चिखलात रुतल्यावर मेंढ्यांच्या कळपाने कसा वेढा घातला, ते ऐकून तो एकदा इतका हसला की कॉफी नाकात गेली.

"काय गं, ऑरिनने लढाई पुकारलीये का कुणावर?" व्हर्लाची धाकटी बहीण डॅग्नी म्हणाली. "एवढ्या गोळ्या उडवतो कुठे?"

"सराव करत असेल."

"असल्या बर्फात? तू पण ना, ताई!"

पुढच्या शनिवारी व्हर्लाने त्याच्या डब्यातली पहिली पुंगळी यंत्रावर लावली. आवाज झाला, पण कीस पडला नाही. दुसरी लावली, तिसरी लावली. तेच. पातं बोथट झालं म्हणावं तर कालच पाजळलेलं. तिने मोजपट्टीने माप घेतलं. अगदी बरोबर. काठावर बोट फिरवलं, तर सफाई तिच्याच हातची.

तिने मोटर बंद केली.

"ऑरिन, या मी मागच्याच शनिवारी कापल्यात."

ऑरिन कानापर्यंत लाल झाला. "संपल्या," तो म्हणाला.

"काय संपल्या?"

"घरातल्या सगळ्या. भावाच्या होत्या, त्याही आणून झाल्या."

"मग नुसतं यायचं की रे बाबा!"

"रिकाम्या हाताने?"

व्हर्ला पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "ऊठ. आत्ताच भरू या. उद्या चर्च सुटलं की टेकडीमागे जाऊन उडवू. लांबल्याशिवाय मी कापू काय, माझं डोकं?"

दुसऱ्या दिवशी झोंबरं वारं होतं. तिच्या गोळ्या निशाणाच्या कागदाच्या मधोमध बसत होत्या. ऑरिनची एकही कागदाला शिवली नाही. लाथा झाडणारं घोडं एका हाताने आवरणारा माणूस, पण बंदुकीपुढे त्याचं काही चालेना.

"घोड्यांना सांगू नकोस हं," तो पुटपुटला.

उडालेल्या गरम पुंगळ्या बर्फात छोटी छोटी भोकं पाडून आत गेल्या होत्या. दोघं गुडघ्यांवर बसून त्या उकरू लागली. तेवढ्यात, वर न बघताच, ऑरिन म्हणाला, "व्हर्ला, माझ्याशी लग्न करशील?"

आणि व्हर्ला हाउगेन, जिच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, गप्पच झाली.

"मग मीच बोलतो पुढचं," ऑरिन म्हणाला आणि खरोखरच बोलत सुटला. घराबद्दल, घोड्यांबद्दल, तिच्या हसण्याबद्दल. शेवटी थंडीने दातखिळी बसायची वेळ आली तेव्हा ती कशीबशी म्हणाली, "हो रे बाबा, हो! आता गाडीत चल."

बर्फ वितळल्यावर लग्न झालं. डॅग्नीने करवली म्हणून मिरवून घेतलं आणि कॉफीच्या डब्याची गोष्ट मांडवभर सांगितली. ऑरिन आपलं सामान घेऊन राहायला आला. एक खोकं उघडलं तर आत पुंगळ्या कापायचं जुनं पण झकास यंत्र, तेलपाणी केलेलं.

"हे काय रे?" व्हर्लाने कमरेवर हात ठेवले.

"यंत्र."

"चालतं?"

"तुझ्या यंत्रापेक्षा चांगलं," ऑरिन म्हणाला आणि तिने फडका उगारायच्या आत अंगणात पळाला.