वाढलेलं माप

सिल्वासात आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये एक कारकून होता. जुने हातमोजे परत घेतल्याशिवाय तो नवे देत नसे. दोन वर्षांत मी तिसऱ्यांदा मोठ्या मापाचे बूट मागितले, तेव्हा त्याने माझे पाय पाहिले, मग बोटात रुतलेली अंगठी.

"चाळिशीत पाय कोणाचा वाढतो, साहेब? पयले डॉक्टर, पछी बूट," तो म्हणाला.

मी चिडलो, पण गेलो. मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीत गाठ झाली होती आणि वाढीचं हार्मोन जास्त पाझरत होतं. मुंबईत ऑपरेशन झालं, मी सुटलो.

परतल्यावर त्याला सांगितलं. त्याने काउंटरची फळी उचलली, मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि समोर उभा राहून नुसता हसत राहिला. तोवर त्याने कोणालाही आत घेतलं नव्हतं.